शिंगं चित्रकाराची नव्हेत

जुन्या ख्रिस्ती चित्रांत ज्यूंचा प्रेषित मोशे याच्या डोक्यावर शिंगं दिसतात. ती म्हणजे चित्रकाराचं अज्ञान, किंवा ज्यूंना सैतान ठरवायचा डाव, असं काहींचं म्हणणं. पुढच्या काळात तसा वापर झाला हे खरं, पण सुरुवात तिथून नाही. चित्रकार बिचारा मजकुराशी प्रामाणिकच होता! बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात मोशे सिनाय पर्वतावरून उतरतो तेव्हा त्याचा चेहरा तेजानं झळकत असतो. तिथलं हिब्रू क्रियापद 'करन', आणि शिंगाला शब्द 'केरेन', मुळाक्षरं तीच. इ.स. ४००च्या सुमारास जेरोम या ख्रिस्ती विद्वानानं बायबलच्या लॅटिन भाषांतरात त्याचं 'कॉर्नुता', म्हणजे शिंगं असलेला, असं केलं.

गंमत म्हणजे त्यानंतर सहाएकशे वर्षं कुणी शिंगं काढल्याचं दिसत नाही. सर्वांत जुनी मानली जातात ती ११व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका हस्तलिखितात, जे आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात बायबलची पहिली पुस्तकं लॅटिनऐवजी जुन्या इंग्रजीत आहेत, म्हणजे शब्द थेट बोलीत उतरलेला. चित्रं जवळजवळ चारशे, बरीच अर्धवटच राहिलेली. मोशेची शिंगं नीट बघा: कपाळातून फुटलेली नाहीत, शिरस्त्राणाला बसवल्यासारखी दिसतात. मायकेलअँजेलोच्या संगमरवरी मोशेची मात्र थेट केसांतून वर आलेली, आखूड.