घरात आणि बागेत खरोखर बाळगण्यासारखी हत्यारे कोणती?

नवागृहस्थ

नमस्कार. काही महिन्यांपूर्वी आम्ही भाड्याचे घर सोडून स्वतःच्या घरात राहायला आलो. घरामागे लहानसे अंगण आहे, त्यात चार झुडपे, दोन वेली आणि भरपूर तण आहे. घर म्हटले की दुरुस्त्या आल्याच, म्हणून सुरुवातीला मी हत्यारांची एक तयार पेटी घेतली. तिच्यात शंभराहून अधिक नग होते आणि ती उघडली की मोठे समाधान वाटत असे. ते समाधान फार टिकले नाही. घट्ट बसलेल्या पहिल्याच नटावर पाना फाकला, स्क्रू ड्रायव्हरचे टोक गोल झाले, आणि झाडांची कात्री फांदी कापण्याऐवजी ती चावून सोडते. पेटीतील बाकीच्या नगांना तर मी अजून हातही लावलेला नाही.

आता एकेक हत्यार नीट पारखून घ्यायचे ठरवले आहे. त्यामुळे माझा प्रश्न याद्यांबद्दल नाही, याद्या सगळीकडे मिळतात. आपल्याकडचे असे कोणते हत्यार आहे, की जे आज हरवले तर आपण उद्याच अगदी तसेच दुसरे आणाल? आणि ते का?

पेचदार

माझे उत्तर फारच साधे वाटेल, पण ते स्क्रू ड्रायव्हर हेच आहे. मात्र एक नव्हे, योग्य मापांचे तीन. अधिक चिन्हाच्या खाचेचा जो स्क्रू आपण रोज पाहतो, त्याचे पेटंट हेन्री फिलिप्स यांना अमेरिकेत 1936 मध्ये मिळाले आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. त्याची टोके क्रमांकाने येतात. घरातील बिजागऱ्या, कड्या, स्विचबोर्ड यांचे बहुतेक स्क्रू पीएच 2 (पीएच म्हणजे फिलिप्स) मापाचे असतात, त्याहून बारीक कामाला पीएच 1 लागतो आणि तिसरा, सपाट पात्याचा. बहुतेकांच्या घरी एकच मधल्या मापाचा ड्रायव्हर असतो आणि तोच सगळीकडे दामटला जातो. मग टोक खाचेतून उसळते, खाच गोल होते आणि दोष स्क्रूच्या माथी मारला जातो. आणखी एक गोष्ट पाहावी. काही स्क्रूंवर मुख्य खाचेच्या अधेमधे चार बारीक तिरक्या रेषा कोरलेल्या दिसतात. तो पोझिड्रिव्ह प्रकार असून त्याला पीझेड असे लिहिलेले टोक लागते. दोन्ही दिसायला सारखे असले तरी एकाचे टोक दुसऱ्यात नीट बसत नाही. टोक खाचेत उभे करून हात सोडला आणि ड्रायव्हर डुगडुगला, तर माप चुकले आहे असे समजावे.

दुसरे हत्यार मोजपट्टीचे, म्हणजे आपल्या टेपचे. येथे माझा एक मूर्खपणा सांगतो. टेपच्या टोकाला असलेली लोखंडी कडी हलते हे पाहून, माल खराब निघाला या समजुतीने मी तिच्या रिव्हेटवर, म्हणजे ती धरून ठेवणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यावर, हातोडीचे दोन ठोके घालून ती घट्ट केली. त्यानंतर कपाटाच्या आत बसवण्यासाठी कापलेली प्रत्येक फळी जवळजवळ एक मिलिमीटरने चुकू लागली. पुढे कळले की ती कडी तिच्या स्वतःच्या जाडीइतकी मुद्दाम सैल ठेवलेली असते. बाहेरून माप घेताना कडी काठाला अडकून ओढली जाते, आतून घेताना ती भिंतीला टेकून आत दाबली जाते, आणि दोन्ही वेळा शून्य बरोबर जागी येते.

सरकत्या जबड्याचा पाना घेतलात तर तो चांगल्या पोलादाचा घ्या, आणि वापरताना जोर स्थिर जबड्यावर येईल अशाच बाजूने फिरवा. आपला पाना फाकला, त्यात पेटीचा दोष असेलच, पण तो उलट्या बाजूने फिरवला गेला असण्याचीही बरीच शक्यता आहे.

ओलीमाती

घरातील कामांबद्दल मी काही बोलणार नाही. तिथे मी अजूनही खिळ्याऐवजी बोटावर मारतो. बागेबद्दल मात्र ठामपणे सांगेन, की छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर, एकच घ्यावी पण चांगली घ्यावी.

आपली कात्री फांदी चावते असे आपण लिहिले आहे. ती कदाचित ऐरण पद्धतीची असेल. तिच्यात एक धारदार पाते खालच्या सपाट पट्टीवर येऊन आदळते, त्यामुळे वाळकी काटकी सहज तुटते, पण ओली फांदी दोहोंमध्ये चेंगरते आणि साल फाटते. जिवंत फांदीसाठी एकमेकांना घासून जाणाऱ्या पात्यांची कात्री हवी; हिचे वरचे पाते खालच्या बाकदार पात्याच्या शेजारून सरकते, त्यामुळे काप स्वच्छ पडतो आणि जखम लवकर भरते. पकडण्याचीही एक रीत आहे आणि ती मला बरीच वर्षे कोणी सांगितली नव्हती: धारेचे पाते झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवायचे आणि बाकदार पाते तुटून पडणाऱ्या तुकड्याकडे. जो काही थोडा चेंगरा होतो तो मग टाकायच्या तुकड्यावर जातो. गुलाबाची फांदी डोळ्याच्या, म्हणजे नवा फुटवा येण्याच्या जागेच्या, वर अर्धा सेंटिमीटर सोडून, डोळ्यापासून दूर उतरत्या तिरक्या कापाने कापून पाहा. कात्रीला धार असेल तर कापलेला भाग ओल्या खडूसारखा गुळगुळीत दिसतो. नसेल तर कडेला सालीची दशी लोंबते.

अंगठ्यापेक्षा जाड फांदीला कात्री लावू नये. पात्यांना पीळ बसला की ती कात्री पुन्हा कधीच पहिल्यासारखी चालत नाही. त्या कामाला घडीची छोटी करवत ठेवावी, आणि तीही ओढताना कापणारी. ओढताना पाते ताणले जात असल्यामुळे ते पातळ असले तरी वाकत नाही, आणि झाडावर अवघडून हात वर केलेला असताना ढकलण्यापेक्षा ओढणे केव्हाही सोपे असते.

खुरपे तर हवेच. ते घेताना पात्यापेक्षा मान आधी पाहावी. पात्याची शेपटी दांड्यात खोलवर गेलेली असेल तर ते टिकते. पत्रा वाकवून दांड्यावर नुसता डागलेला असेल तर कडक मातीत पहिल्या आठवड्यातच मान टाकते. रोगट झाड छाटल्यावर पाती सत्तर टक्के अल्कोहोलने पुसूनच दुसऱ्या झाडाकडे वळावे, नाहीतर तो रोग आपणच सगळ्या बागेत फिरवतो.

कानसदादा

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु दोघांनीही ज्या हत्यारामुळे बाकीची हत्यारे जिवंत राहतात त्याचे नावच घेतलेले नाही. माझी कानस हरवली तर मी उद्याची वाटसुद्धा पाहणार नाही. एक सपाट कानस आणि दोन बाजूंचा एक धारेचा दगड, एका बाजूला चारशे आणि दुसऱ्या बाजूला हजार क्रमांकाचा (क्रमांक मोठा तितका दगड बारीक), एवढ्यावर घरातील आणि बागेतील जवळजवळ सगळी पाती सांभाळता येतात. फावडे आणि कुदळ यांनाही धार लावायची असते, हे सांगितले की अनेकांना नवल वाटते; पण कानस फिरवलेले फावडे मातीत शिरताना जो आवाज करते तो एकदा ऐकला की बोथट फावडे हातात धरवत नाही.

कानस फक्त पुढे ढकलताना कापते. मागे येताना तिला उचलून घ्यावे, घासत आणले तर तिचेच दाते बोथट होतात. कात्रीला धार लावताना ती उघडून पाती वेगळी करावीत आणि उताराच्या, म्हणजे धारेकडे तिरक्या घासलेल्या, बाजूनेच, मूळचा उतार न बदलता, दगड फिरवावा. सपाट बाजूला उतार देऊ नये. तिथे दगड पूर्ण आडवा टेकवून फक्त वळलेली बारीक कड काढून टाकावी. सपाट बाजू घासून गोल केली की दोन पात्यांमध्ये फट राहते आणि काटकी कापली न जाता त्या फटीत दुमडते. म्हणूनच मी रिव्हेट मारलेली कात्री घेत नाही. जी पान्याने उघडता येते आणि जिचे पाते सुटे मिळते तीच घ्यावी.

दांड्यांबद्दलही थोडे. हातोडीचे डोके सैल झाले की ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. लाकूड फुगते आणि डोके घट्ट बसते हे खरे, पण फुगलेले तंतू लोखंडाला दाबून चेपतात, आणि सुकल्यावर दांडा आधीपेक्षाही सैल होतो. पाचर नव्याने ठोकावी, किंवा दांडाच बदलावा. लाकडी दांड्याला वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळले तर तो तडकत नाही आणि हातालाही गोड लागतो. परंतु तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात मुळीच टाकू नका. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावत सुकते, त्यात उष्णता निर्माण होते, आणि घडीत कोंडलेल्या उष्णतेने चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर सपाट पसरून वाळवावी, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी.

नवागृहस्थ

तिघांचेही मनापासून आभार. एक उपप्रश्न विचारतो. सर्व जण मला बॅटरीवरचा ड्रिल घेण्याचा आग्रह करत आहेत. तो लगेच घ्यावा का? आणि माझ्या पेटीतील लेव्हलवर, म्हणजे पातळी पाहण्याच्या बुडबुड्याच्या पट्टीवर, विश्वास ठेवावा का?

पेचदार

ड्रिलची घाई करू नका. लाकूड आणि स्क्रू यांच्यासाठी बारा व्होल्टचा लहान ड्रिल पुरतो, परंतु काँक्रीटच्या भिंतीला ठोके देत फिरणारे यंत्र आणि टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे बिट लागते. वर्षातून चार भोके पाडायची असतील तर ते कोणाकडून मागून आणणेच शहाणपणाचे. बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर ती साधारण अर्धी भरलेली ठेवावी. पूर्ण रिकामी ठेवली तर खराब होते.

लेव्हल मात्र घरच्या घरी तपासता येते. ती एखाद्या फळीवर ठेवून बुडबुडा कोठे थांबतो ते पाहा, मग टोकाची अदलाबदल करून, म्हणजे डावे टोक उजवीकडे करून, त्याच जागी पुन्हा ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा फळीच्या एकाच टोकाकडे, मध्यापासून सारख्याच अंतरावर थांबला, तर फळी तिरकी असली तरी लेव्हल खरी आहे.

नवागृहस्थ

आजच सगळे तपासले. लेव्हल फिरवून ठेवली तेव्हा पहिल्यांदा बरोबर मध्यावर असलेला बुडबुडा दुसऱ्यांदा रेषेच्या पार पलीकडे गेला. कात्री ऐरण पद्धतीचीच निघाली आणि तिला रिव्हेट आहे. त्या शंभर नगांतील टेपची कडी मात्र जेवढी हवी तेवढीच सैल आहे, तेव्हा तेवढी ठेवून घेतो आणि उद्या कानस आणतो.