व्हीपीएसचं पॅनेल निवडताना आधी बाहेर पडायची वाट तपासा

मंदार_वारजे

मी एकटा माणूस, दोन व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर), त्यांवर ३१ साइट. भोसरीतले वर्कशॉपवाले, कोथरूडातले दोन दवाखाने, अप्पा बळवंत चौकाजवळचे एक प्रकाशक, दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्या एक काकू. पॅनेल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर, कोणतं घ्यावं, हे मला दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, म्हणून माझं मत एकदा सविस्तर मांडतो. विरोध असेल तर जरूर करा.

फीचरची यादी बघून पॅनेल घेऊ नका. ते उद्या काढून टाकलं तर साइट चालू राहतात का, आणि त्याचा बॅकअप त्याच्याशिवाय उघडतो का, एवढं आधी बघा.

हे मला प्रकाशकांच्या साइटने शिकवलं. जुन्या होस्टच्या पॅनेलमधलं ‘पूर्ण बॅकअप’चं बटण दाबलं, फाइल उतरवली, माझ्याकडे चढवली. साइट उघडली, मुखपृष्ठं आली, किमती आल्या, आणि पुस्तकांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ‘आयुर्वेद’ या विभागाच्या जागी मोजून आठ. आ, य, उकार, र, हलन्त, व, मात्रा, द, प्रत्येकाला एक. त्या बटणाने डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची नक्कल) लॅटिन-१ या जुन्या अक्षरसंचात काढला होता आणि त्यात देवनागरी बसतच नाही. एकदा प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर परत मिळत नाही. नशीब, जुना सर्व्हर बंद व्हायला अजून दोन दिवस होते. रात्री एसएसएचने (टर्मिनलवरून) आत शिरून, यूटीएफ-८-एमबी-४ हा देवनागरी मावणारा कॅरेक्टर सेट (अक्षरसंच) देऊन हाताने डंप काढला, तेव्हा नऊशे पुस्तकांची नावं बचावली. मायएसक्यूएलने २०१८ साली ८.० आवृत्तीपासून हा सेट डिफॉल्ट केला, पण जुन्या पॅनेलांखाली जुने डेटाबेस अजून पुष्कळ आहेत.

सध्या मी हेस्टिया हे पॅनेल वापरतो. व्हेस्टा या जुन्या पॅनेलातून फुटून निघालेलं, फुकट, डेबियन आणि उबुंटूवर चालतं. साइट होम फोल्डरखाली साध्या फोल्डरांत, एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं कॉन्फिग साध्या मजकुरात, बॅकअप म्हणजे टार फाइल, कुठल्याही लिनक्सवर सोडवता येणारं गाठोडं. पैसे भरून घ्यायच्या सीपॅनेलचं गणित मला जमत नाही. २०१९ पर्यंत लायसन्स सर्व्हरमागे एक होतं, त्या वर्षी ते खात्यांच्या संख्येवर गेलं. आदल्या वर्षी कंपनी ओकली कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने घेतली होती आणि प्लेस्क हे दुसरं पॅनेलही त्यांच्याकडेच होतं, म्हणजे दोन्ही मोठी नावं एकाच घरची. त्यात बिल डॉलरमध्ये. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम लागू झाल्यावर परदेशी सेवांची कार्डावरची आपोआप वसुली अडायला लागली, तो ताप वेगळाच.

श्रुती_टर्मिनल

प्रश्नचिन्हांचं वाचून पोटात गोळा आला. पण मंदार, तुझा विचार तू अर्ध्यावर सोडलास. पॅनेल काढल्यावर साइट चालणार असतील तर ते बसवायचं कशाला?

पॅनेल म्हणजे रूटचे, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे अधिकार असलेलं वेब ॲप्लिकेशन, दिवसरात्र इंटरनेटला उघडं. काय काय झालंय ते आठव. एप्रिल २०१८ मध्ये व्हेस्टा बसवलेले सर्व्हर फुटले आणि दुसऱ्यांवर हल्ले करायला जुंपले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हेस्टाचा इन्स्टॉलरच बाधित निघाला. ऑगस्ट २०१९ मध्ये वेबमिनच्या अधिकृत पॅकेजात चोरवाट सापडली, ती वर्षभराहून जास्त काळ तिथे होती. जानेवारी २०२३ मध्ये कंट्रोल वेब पॅनेलचा नंबर लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेल: लॉगिन न करता थेट रूट मिळत होतं, बाहेरून दिसणारे सुमारे २२,००० सर्व्हर होते, आणि दोन-तीन दिवसांत रॅन्समवेअरने शेकड्यांनी सर्व्हरच्या फाइली कुलूपबंद केल्या. यात कोणाच्याही पासवर्डची चूक नव्हती.

माझ्याकडे साधं डेबियन, एनजिनएक्स, पीएचपी-एफपीएम, प्रत्येक साइटला वेगळा युजर, सर्टबॉट, रात्री रेस्टिकने बॅकअप. सर्व्हरची सगळी मांडणी अन्सिबल या टूलच्या फाइलींत लिहिलेली, त्या फाइलींचा इतिहास गिटमध्ये. नवी साइट चढवायला चार मिनिटं लागतात. १ जीबी रॅममधली पॅनेलने अर्धी खाल्ली की उरलेल्यात मारिआडीबी हा डेटाबेस गुदमरतो, कर्नल त्याला मारतो आणि क्लायंटला ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’चं पांढरं पान दिसतं. हे दृश्य मी दुसऱ्यांच्या सर्व्हरवर इतक्यांदा निस्तरलंय की आता पॅनेल असलेलं काम घेतच नाही.

सदाशिव_काका

दोघंही मनापासून लिहिताय, म्हणून मीही मोकळं लिहितो. १९ वर्षं हा धंदा करतोय, १४० खाती आहेत, आणि मी सीपॅनेलचे पैसे भरतो. २०१९ ला मलाही राग आला होता. आठवडाभर डायरेक्टॲडमिन हे दुसरं पॅनेल लावून पाहिलं. चांगलं आहे, सीपॅनेलचा बॅकअपही वाचतं. तरी परत आलो.

कारण सांगतो. सकाळी नऊला एखाद्या मालकाचा हिशोबनीस काम सोडून जातो. मालकाला त्याचा मेल त्या क्षणी बंद करायचा असतो. तो स्वतः लॉगिन करतो, पासवर्ड बदलतो, पुढचे मेल स्वतःकडे वळवतो, आणि मला हे कळतही नाही. श्रुती, तुमच्या अन्सिबलमध्ये हे काम कोण करणार? तुम्हीच. अशी दिवसाला दहा कामं आली तर तुम्ही सर्व्हर कधी सांभाळणार? लायसन्सचा खर्च मी वर्षाच्या बिलात खातेवार वाटतो आणि क्लायंटला तसं सांगतो. आजवर एकानेही हुज्जत घातलेली नाही.

आणि मंदार, बाहेर पडायची वाट म्हणाल तर, ज्याचा बॅकअप बाकीचे पॅनेलवाले वाचतात त्याच्यापेक्षा मोकळी वाट कोणती?

मंदार_वारजे

काका, दुसऱ्या पॅनेलने वाचणं आणि पॅनेलशिवाय वाचता येणं यांत फरक आहे. एका खात्याचा पूर्ण बॅकअप घ्या, कोऱ्या डेबियनवर न्या आणि कोणतंही पॅनेल न लावता साइट उभी करून बघा. खरंच करून बघा, उत्तर मलाही हवंय.

श्रुती, यादी खरी आहे, त्यातलं एकही नाकारत नाही. पण गेल्या ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला. सहा दिवस दवाखान्यात, प्लेटलेट्स उतरलेल्या, फोन बायकोकडे. तिसऱ्या दिवशी एका सर्व्हरची डिस्क भरली. माझा मेहुणा अकाउंटंट आहे, लिनक्सशी त्याचा काडीचा संबंध नाही. बायकोने त्याला पॅनेलचं लॉगिन दिलं. त्याने बॅकअपची यादी उघडली, तारखा बघून जुने चार काढले, साइट परत उठल्या. गिटमधल्या फाइली घेऊन तो काय करणार होता? फराळवाल्या काकूंची साइट ऑक्टोबरात दोन दिवस बंद राहिली तर त्यांचा वर्षाचा धंदा जातो. मी आडवा पडलो तर माझ्या जागी कोण उभं राहील, हे पॅनेल निवडताना मला धरावंच लागतं.

ओंकार_पिंपरी

दोन गोष्टी मध्येच टाकतो.

मेल सर्व्हरवर ठेवूच नका. पॅनेलात मेलचं बटण असतं म्हणून आपण दाबतो. मग स्पॅम तपासणी आणि क्लॅमएव्ही हे व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर लागतं, ते एकटंच १ जीबीच्या वर रॅम घेतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडून आला हे दाखवणाऱ्या नोंदी) आणि आयपीचा उलटा डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नीट नसेल तर मेल घेत नाही किंवा स्पॅममध्ये टाकतं. काकूंच्या ऑर्डरचे मेल न्यू जर्सीच्या ग्राहकापर्यंत पोचले नाहीत तर पॅनेल कितीही छान असून काय उपयोग? क्लाउडपॅनेल हे पॅनेल मला याच कारणाने आवडतं, त्यात मेल सर्व्हर दिलेलाच नाही.

दुसरं म्हणजे लॉग, सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगतात, आणि सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला. डेबियनचं एनजिनएक्स आल्या आल्या फक्त १४ दिवसांचे लॉग ठेवतं. पॅनेल असो नसो, लॉगरोटेटची (जुने लॉग पुसणाऱ्या प्रोग्रामची) फाइल एकदा उघडून बघा.

श्रुती_टर्मिनल

मंदार, तब्येत सांभाळ. मेहुण्याच्या प्रसंगावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, हे मान्य. डिस्क ८० टक्के भरली की सूचना यायला हवी होती आणि जुने बॅकअप आपोआप पुसले जायला हवे होते असं मी म्हणेन, पण ती व्यवस्थाही कधीतरी बिघडते आणि तेव्हा माणूसच लागतो.

मग निदान एवढं कर. तुझे क्लायंट पॅनेलमध्ये येतात का? माझ्या अंदाजाने येत नाहीत, सगळे तुलाच फोन करतात. मग पॅनेलचं ८०८३ पोर्ट जगाला उघडं कशासाठी? फायरवॉलने बंद कर आणि वायरगार्ड या व्हीपीएनमधून (खाजगी सुरक्षित जोडणीतून) आत जा. मेहुण्याच्या लॅपटॉपवरही वायरगार्ड लावून ठेव, एक बटण दाबायचं असतं. सायबरपॅनेलच्या वेळी ज्यांनी त्याचं ८०९० पोर्ट असं बंद ठेवलं होतं, त्यांच्यापर्यंत तो हल्ला बाहेरून पोचूच शकत नव्हता. काकांना हे जमणार नाही, त्यांचे १४० जण रोज आत येतात. म्हणूनच काकांनी पैसे भरून लगेच अपडेट देणारं पॅनेल घेणं मला पटतं. फुकटचं पॅनेल जगाला उघडं ठेवणं मात्र मी कोणालाच सुचवणार नाही.

मंदार_वारजे

तीनच क्लायंट येतात, बाकी सगळे फोनच करतात. येत्या गुरुवारी भोसरीला सुट्टी असते, वर्कशॉपच्या साइटवर वर्दळ नसते, तेव्हा पोर्ट बंद करतो. त्या तिघांना सांगून ठेवलंय. लॉगही त्याच दिवशी १८० वर नेतो.

सदाशिव_काका

मंदार, करून पाहिलं. एका शाळेच्या गणवेशवाल्यांचं खातं घेतलं, २ जीबीचा बॅकअप, कोरं डेबियन. फाइल सोडवली तर घरचा फोल्डर जसाच्या तसा मिळाला. डेटाबेसचा डंप वेगळ्या फोल्डरात साध्या एसक्यूएलमध्ये होता. मराठी अक्षरं शाबूत, तुमच्यामुळे ते सगळ्यात आधी बघितलं. कुठला मेल कुठे वळवायचा तेही साध्या मजकुराच्या फाइलीत सापडलं. अडलं ते एचटीॲक्सेसवर, म्हणजे अपाची या वेब सर्व्हरच्या नियमांच्या फाइलीवर. एनजिनएक्स ते वाचत नाही, सगळी रीडायरेक्ट हाताने लिहावी लागली, त्यातच दोन तास गेले. मग एनजिनएक्स काढून अपाची टाकलं तर दहा मिनिटांत साइट उभी.

लायसन्स सोडणार नाही. पण १४० खात्यांपैकी असा रिस्टोअर मी आजवर एकाचाही केला नव्हता. दर शनिवारी एक, असं कालपासून वहीत लिहायला घेतलंय. पहिलं नाव ज्यांचं आहे, त्यांचा डेटाबेस २०११ पासूनचा आहे आणि कॅरेक्टर सेट लॅटिन-१ दिसतोय. डंप काढण्याआधी तुम्हाला फोन करतो.