मोजमाप, यंत्रे आणि समुपदेशक: रॉजर्स यांच्या मूल्यांना पुढे स्थान राहील का?

रानजाई
मी समुपदेशन मानसशास्त्रात एम. ए. करत असून सध्या शेवटच्या वर्षात आहे. समुपदेशकाचा सच्चेपणा, समोरच्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार आणि समानुभूती या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या तीन अटी आमच्या अभ्यासक्रमाचा पाया मानल्या जातात. प्रात्यक्षिकासाठी मी जिथे जाते, तिथे मात्र भेटींची संख्या आधीच ठरलेली असते, प्रत्येक भेटीच्या आरंभी प्रश्नावली भरून घ्यावी लागते आणि त्रास दर्शवणारे गुण कमी झाले नाहीत तर काम झाले नाही असे समजले जाते. शिवाय माझ्या वयाची कितीतरी मुले-मुली मनातले सारे चॅटबॉटला सांगू लागली आहेत. अशा परिस्थितीत रॉजर्स यांच्या परंपरेतील ही मानवतावादी मूल्ये व्यवसायाच्या केंद्रस्थानी टिकतील, की ती केवळ परीक्षेत लिहिण्यापुरती उरतील? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

समंजस
मोजमाप आणि मानवतावाद यांना परस्परांचे शत्रू मानणे इतिहासाला धरून नाही. समुपदेशनाच्या बंद दाराआड काय घडते हे ध्वनिमुद्रित करून अभ्यासणाऱ्या पहिल्या संशोधकांत रॉजर्स स्वतः होते. १९४२ सालच्या त्यांच्या पुस्तकात एका व्यक्तीबरोबरच्या आठही मुलाखती शब्दशः छापलेल्या आहेत. १९५७ सालच्या लेखात त्यांनी बदलासाठी एकूण सहा अटी ‘आवश्यक आणि पुरेशा’ म्हणून मांडल्या, त्याही पडताळून पाहता येतील अशा गृहीतकाच्या स्वरूपात. तुम्ही उल्लेखिलेल्या तीन अटी त्या सहांपैकीच आहेत.

त्यामुळे परीक्षणाला सामोरे जाण्याचे भय बाळगू नये, आणि निकाल गैरसोयीचा असला तरी तो लपवू नये. इंग्लंडमध्ये २००८ पासून सरकारी आरोग्यसेवेने संवादोपचार मोठ्या प्रमाणावर सुरू केले, ज्यांत प्रत्येक भेटीला प्रश्नावली भरली जाते आणि विचार व वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या बोधात्मक-वर्तन उपचारांना (सीबीटी) मोठे स्थान असते. याच सेवेतील नैराश्यग्रस्त व्यक्तींवर शेफील्ड येथे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ५१० जणांच्या त्या चाचणीत रॉजर्स यांच्या परंपरेतील व्यक्तिकेंद्रित-अनुभवाधिष्ठित समुपदेशन सहा महिन्यांनंतर बोधात्मक-वर्तन उपचारांच्या तुलनेत कमी प्रभावी ठरले नाही. बारा महिन्यांनंतर मात्र बोधात्मक-वर्तन उपचार सरस दिसले. आपल्याकडच्या व्यासपीठांवर यातला पहिला अर्धा भागच सांगितला जातो, हे मला खटकते. जी परंपरा सच्चेपणाला मूल्य मानते, तिने दुसरा अर्धाही त्याच आवाजात सांगायला हवा.

माझा आक्षेप प्रश्नावलीला नसून तिच्या एकाधिकाराला आहे. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, थकवा, उदासी यांविषयी नऊ प्रश्न विचारते आणि ते उपयुक्तच आहेत. परंतु नवऱ्याच्या निधनानंतर सासरी आपले स्थान काय, असा प्रश्न घेऊन आलेल्या बाईला नेमके कशाविषयी बोलायचे आहे, हे तिने स्वतः ठरवायचे असते.

दीपमाळ
मी कौटुंबिक न्यायालयाशी संबंधित समुपदेशनाचे काम करते, म्हणून थोडा वेगळा मुद्दा मांडते. १९८४ च्या कायद्याने या न्यायालयांत समुपदेशकांची तरतूद केली, पण तिथे येणारी जोडपी स्वतःच्या शोधासाठी येत नाहीत. मागे आई-वडील, मामा, कधी गावातले जाणते उभे असतात, आणि पहिले वाक्य बहुधा ‘मॅडम, आता तुम्हीच सांगा काय करायचे’ असे असते. अशा वेळी रॉजर्स यांच्या पद्धतीतला, समुपदेशकाने दिशा न देण्याचा नियम कडकपणे पाळला, तर समोरच्याला ते दुर्लक्ष वाटते.

महाराष्ट्रात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ उपचारांचा विचार कि. मो. फडके यांच्यासारख्यांमुळे इतका रुजला, याचे एक कारण मला इथेच दिसते: त्यात समुपदेशक शिकवतो, प्रश्न विचारतो, गृहपाठ देतो. एलिस यांनी तर १९५९ साली रॉजर्स यांना लेखी उत्तर देऊन सांगितले होते की, त्यांच्या अटींपैकी एकही अपरिहार्य नाही. तरीही माणसाचा विनाअट स्वीकार एलिस यांनीही सोडला नाही, आणि मला हेच महत्त्वाचे वाटते. न्यायालयात आलेल्या एखाद्या मुलीला मी कायदेशीर पर्याय स्पष्ट सांगते, तिच्या आई-वडिलांना काही वेळ बाहेर बसवते आणि निर्णय तिचाच राहील याची काळजी घेते. माहिती देणे आणि निर्णय देणे यांतला हा फरक सांभाळला, तर मानवतावादी मूल्य आपल्या मातीतही टिकते.

रानजाई
दोघांचेही मनापासून आभार. चॅटबॉटविषयीही कोणी लिहावे, ही विनंती.

पाणवठा
या प्रश्नाची सुरुवात रॉजर्स यांच्याच पद्धतीच्या नकलेतून झाली. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ या संगणकीय आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे गाजलेले रूप समोरच्याचे वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत देत असे. त्यांची सचिव त्या यंत्राशी बोलता बोलता इतकी गुंतली की तिने त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. वायझेनबाउम यांना त्याचा धक्का बसला, आणि काही कामे यंत्रावर सोपवणेच अनुचित आहे, असे त्यांनी पुढे १९७६ साली पुस्तक लिहून ठामपणे मांडले.

एलायझाने उचलले होते ते केवळ तंत्र. आपल्या पद्धतीला भावना परत ऐकवण्याच्या तंत्रात कोंबले गेल्याचे दुःख रॉजर्स यांनाही अखेरपर्यंत होते. ‘मला नीट समजले आहे ना’ हे आपण त्या व्यक्तीकडून पडताळून घेत असतो, असे ते सांगत. आजचे चॅटबॉट एलायझापेक्षा कितीतरी पुढे गेले आहेत, रात्री दोन वाजता ते उपलब्ध असतात, आणि ज्या तालुक्यात समुपदेशकच नाही तिथल्या मुलाला त्यांचा आधार वाटला, तर त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. मात्र समजण्यात चूक झाली तर ती मान्य करून पुढच्या भेटीपर्यंत मनात वागवणारे, आणि त्या मुलाच्या जिवाला धोका दिसल्यास उत्तरदायी ठरणारे कोणीतरी तिथे असायला हवे.

ही जबाबदारी कायद्यानेही निश्चित व्हावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते; इतर समुपदेशकांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने आपल्या कक्षेत आणले आहे. नोंदणीचे निकष ठरताना केवळ पदवी आणि तासांचा हिशेब न पाहता, अनुभवी पर्यवेक्षकासमोर प्रत्यक्ष सत्रांचे ध्वनिमुद्रण, अर्थातच समुपदेशनार्थीच्या संमतीने, ऐकवण्याची अट असावी, असा आग्रह आपण विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आत्ताच धरायला हवा. रानजाई, तुमच्या विभागात ही सोय नसेल, तर या शैक्षणिक सत्रातच लेखी मागणी करा.