घरासाठी फायबर इंटरनेट आणि राउटर निवडताना आलेले अनुभव येथे लिहावेत

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आम्ही नुकतेच नव्या घरी राहायला आलो असून पुढच्या पंधरवड्यात फायबर जोडणी घ्यायची आहे. इमारतीत दोन मोठ्या कंपन्यांच्या तारा आधीच पोहोचलेल्या आहेत आणि तिसरा पर्याय म्हणून परिसरातील केबलवाल्याचीही जोडणी मिळते. तिघांचीही माहितीपत्रके वाचली. वेगाचे आकडे आणि सोबत मिळणाऱ्या ओटीटी ॲप्सची यादी यांपलीकडे त्यांत फारसे काही नाही.

जुन्या घरी २०० एमबीपीएसची योजना होती. परंतु तार जिथून आत आली तिथेच, म्हणजे दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर, तंत्रज्ञाने राउटर ठेवून दिला. शेवटच्या खोलीत मुलीचा अभ्यास आणि माझे काम चालत असे, आणि नेमके तिथे कसेबसे १५ ते २० एमबीपीएस मिळत. चार वर्षे आम्ही कंपनीला बोल लावत राहिलो आणि घर सोडायच्या आठवड्यात सामान हलवताना तो राउटर दिवाणखान्यात आला तेव्हा त्याच खोलीत वेग चौपट झाला. म्हणून या वेळी तुमच्या घरात प्रत्यक्ष काय घडले ते मला समजून घ्यायचे आहे: तार घरापर्यंत कशी आली, बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांनी आला, राउटर कंपनीचा ठेवला की स्वतःचा घेतला, आणि वीज गेल्यावर काय होते. तक्रार असेल तर कंपनीचे नाव न लिहिता प्रसंग लिहावा, कारण एकाच कंपनीची सेवा शेजारच्या दोन पेठांतही सारखी नसते.

कोथरूड, पुणे

आमचा अनुभव ९४ या आकड्याचा आहे. योजना ३०० एमबीपीएसची, परंतु संगणकावर वेग तपासला की ९३ किंवा ९४ च्या पुढे काटा जात नसे. सकाळी, रात्री, सुट्टीच्या दिवशी, कधीही तपासा, तोच आकडा. तक्रार केली, तंत्रज्ञ आला, त्याने कंपनीच्या डब्याला (ज्यात फायबरची तार येऊन संपते) स्वतःचा लॅपटॉप थेट जोडून २९० दाखवले आणि नम्रपणे सांगितले की दोष आमच्या राउटरचा आहे. तो राउटर आम्ही काही वर्षांपूर्वी स्वस्त मिळाला म्हणून घेतला होता. त्याचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, १०० एमबीपीएसचेच होते आणि खोक्यावर मात्र वायफायचा मोठा आकडा ठळक छापलेला होता. आम्ही गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टचा नवा राउटर आणला, जोडला, आणि वेग पुन्हा ९४.

त्या दिवशी मी खरोखर हताश झाले. शेवटी मुलाने डब्यापासून राउटरपर्यंतची लॅन केबल काढून उजेडात धरली. त्या पारदर्शक टोकात आठ रंगीत तारा शेजारी शेजारी दिसतात. त्यांतील तपकिरी तार टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती. आठही तारा नीट जोडलेल्या असतील तरच गिगाबिटचा वेग मिळतो. एखादी जोडी निकामी असली की दोन्ही यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात. नवी कॅट ६ केबल लावली आणि पहिल्याच तपासणीत २८७ आले. योजना १०० च्या वरची असूनही वेग ९४ च्या आसपास अडकून बसत असेल तर कंपनीशी भांडण्याआधी पोर्ट आणि केबल जरूर पाहावी.

दापोली तालुका, रत्नागिरी

मी पुण्यातील एका कार्यालयासाठी गावच्या घरातून काम करतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा विजेचे खांबच आडवे झाले होते, त्यामुळे इंटरनेटचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. नंतर गावात फायबर आले ते खांबांवरून आणि जिथे खांब नाहीत तिथे आंब्याफणसाच्या फांद्यांना बांधून. पावसाळ्यात झावळी पडते, वारा सुटतो, वानर तारेवरून उड्या मारतात, आणि डब्यावरचा एलओएसचा दिवा लाल होतो. तो लाल झाला की प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही एवढे निश्चित समजावे. राउटर बंद-चालू करून काही उपयोग होत नाही.

पहिल्या वर्षी मी तालुक्याच्या ठिकाणच्या माणसाकडून जोडणी घेतली होती, कारण महिन्याला १०० रुपये कमी पडत होते. श्रावणात तार तुटली. ती सांधण्याचे स्प्लायसिंगचे मशीन त्याच्याकडे नव्हते. तो ते दुसऱ्याकडून मागून आणत असे आणि त्या आठवड्यात सगळीकडेच तारा तुटलेल्या होत्या. नऊ दिवस मी रोज सकाळी लॅपटॉप घेऊन टेकडीवर मोबाइलची रेंज शोधत बसलो. पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीतील केबलवाल्याकडे गेलो, ज्याच्याकडे स्वतःचे मशीन आहे. त्याचे काम मी पडवीत बसून पाहिले आहे: तारेवरचे काळे कवच सोलायचे, आतला केसाएवढा काचेचा धागा स्पिरिटने पुसायचा, खाचेत बसवून सरळ कापायचा, मग मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन्ही टोके समोरासमोर येतात, क्षणभर ठिणगी पडते आणि धागा अखंड होतो, वर बारीक नळी चढवून ती तापवली की झाले. दहा मिनिटांचे काम, परंतु मशीन आणि ते हाताळणारा माणूस हाकेच्या अंतरावर असेल तरच दहा मिनिटांचे.

घर जांभ्या दगडाचे आहे. माजघरातील राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल चिऱ्याच्या एका भिंतीपलीकडे जेमतेम जातो आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे जातच नाही. आधी रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारे यंत्र, लावून पाहिला. तो एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. आता माजघरातून पडवीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारे यंत्र) बसवला आहे आणि तेव्हापासून तक्रार नाही.

नाशिक, फायबर जोडणीचे काम करणारा

वरचे दोन्ही अनुभव वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. मी गेली काही वर्षे हेच काम करतो आणि ग्राहकाने एक साधा प्रश्न विचारावा असे मला मनापासून वाटते: डब्यात प्रकाश किती येतो? प्रत्येक जोडणीच्या वेळी आमच्याकडे पॉवर मीटर असतो. त्यावर उणे डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) आकडा येतो. तो साधारण −१५ ते −२४ च्या दरम्यान असेल तर चांगले; −२७ च्या पलीकडे गेला की डबा कसाबसा चालतो आणि पावसात किंवा तारेला थोडा ताण पडताच बंद पडू लागतो. दर ३ अंकांनी प्रकाश निम्मा होतो, म्हणून −२१ आणि −२७ यांत चौपट फरक आहे हे लक्षात ठेवावे. हा आकडा जोडणीच्या दिवशी वहीत लिहून ठेवला तर पुढे तक्रार करताना तुमच्या हातात पुरावा असतो.

प्रकाश कमी होण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. दाराच्या चौकटीत तार चिमटली जाते, फर्निचरवाला ती काटकोनात वळवून खिळा ठोकतो, किंवा हिरव्या टोकाची पॅच कॉर्ड (डब्याला जोडायची छोटी तार) निळ्या टोकाच्या जोडणीत घुसवली जाते. हिरव्या टोकाचे तोंड किंचित तिरके कापलेले असते आणि निळ्याचे सरळ असते, त्यामुळे ती दोन्ही एकमेकांवर नीट टेकत नाहीत. हे मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो.

दुसरी गोष्ट वाटणीची. घराघरांत जी जीपॉन पद्धत वापरतात तीत एका धाग्यावर खाली येणारा सुमारे २.५ जीबीपीएसचा वेग असतो आणि तो स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश विभागणाऱ्या तुकड्यातून, ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळे एकाच वेळी पूर्ण वेगाने उतरवून घेत नाहीत म्हणून हे जमते. पण बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट केबलवाल्याने किती रुंद घेतली आहे यावर रात्री ९ ते ११ चा अनुभव ठरतो. म्हणून शेजाऱ्याकडे वेग तपासायचा असेल तर दुपारी जाऊ नका, जेवणानंतर जा.

स्वतःचा राउटर घ्यायचा असल्यास कंपनी तिचा डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे डब्याने राउटरचे काम न करता जोडणी फक्त पुढे द्यायची) ठेवून देईल का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. काही देतात, काही देत नाहीत. दिला नाही तर दोन राउटर एकामागे एक बसतात आणि खेळ किंवा कॅमेऱ्यांसाठी पोर्ट उघडायची, म्हणजे बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत येण्याची वाट मोकळी करायची, वेळ आली की अडचण होते.

छत्रपती संभाजीनगर

विजेचा मुद्दा कोणी लिहिला नाही म्हणून लिहिते. आमच्या जुन्या सेवेला सगळे फायबरच म्हणत, परंतु फायबर इमारतीच्या गच्चीपर्यंत येत होते आणि तिथून प्रत्येक घरात लॅन केबल होती. गच्चीवरच्या पेटीतला स्विच (जोडणी घराघरांत वाटणारे यंत्र) विजेवर चालतो. वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही इंटरनेट बंद. उन्हाळ्यात मुलाच्या ऑनलाइन परीक्षेच्या वेळी हे दोनदा झाले आणि दुसऱ्यांदा त्याचा पेपर अर्धवट राहिला. आताच्या जोडणीत काचेची तार थेट घरातल्या डब्यापर्यंत येते आणि वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे कॉलनीत अंधार असला तरी आमचे चालू राहते. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस (बॅटरीचा डबा) घेतला. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचावेत. आमचा १२ व्होल्टचा आहे, बहिणीचा ९ चा निघाला आणि तिला यूपीएस परत करावा लागला.

डोंबिवली

आमच्या सोसायटीत निवडीचा प्रश्नच येत नाही. कमिटीने एकाच पुरवठादाराला डक्टमधून तार टाकू दिली आहे. सर्वसाधारण सभेत मी दुसऱ्यालाही परवानगी द्यावी असा ठराव मांडला आहे. घर घेणाऱ्यांनी पाण्याची वेळ विचारतात तसे हेही विचारून ठेवावे.

मस्कत (घर म्हापसा, गोवा)

आईवडील म्हापशाला एकटे असतात म्हणून घराभोवती चार कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर बसवला. जुन्या जोडणीवर मी येथून पोर्ट उघडून ते पाहत असे. नवी फायबर जोडणी घेतली, वेग दसपट झाला आणि कॅमेरे दिसेनासे झाले. तीन वेळा तंत्रज्ञ येऊन गेला. वडिलांचे वय ७८, प्रत्येक वेळी ते शिडी धरून उभे. शेवटी राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा घराचा क्रमांक) पाहिला तर तो १०० ने सुरू होणारा आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला. याचा अर्थ कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत होती आणि बाहेरून आमच्या घरापर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती. महिन्याचे जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेतला तेव्हा कॅमेरे सुरू झाले. हल्लीचे बरेच कॅमेरे उत्पादकाच्या सर्व्हरमार्फत दिसतात, त्यांना ही अडचण येत नाही. जुना डीव्हीआर असेल तर मात्र हे आधी विचाराच.

कोल्हापूर

मी वर्षाचे पैसे एकदम भरले, कारण दोन महिने मोफत होते. पाचव्या महिन्यात त्या स्थानिक पुरवठादाराने धंदा दुसऱ्याला विकला. नव्या मालकाने आधीची पावती मानली नाही, वर राउटरही परत मागितला, जो मी विकत घेतला होता की भाड्याने, हे पावतीवर लिहिलेलेच नव्हते. आता मी पहिले तीन महिने दरमहा भरतो आणि मगच सहा महिन्यांचे ठरवतो. दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचारावा, आणि अमर्याद योजनेतही महिन्याची मर्यादा किती ते वाचावे. बऱ्याच ठिकाणी ती ३३०० जीबी असते आणि पाच माणसांच्या आमच्या घराला ती कधी ओलांडता आली नाही, पण काहींची फारच कमी असते.

तक्रार फोनवर करून थांबू नये. डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्यावा आणि दाद न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्था, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, हे मला उशिरा समजले.

स्लाव, इंग्लंड

कोल्हापूरकरांचे वाचून वाईट वाटले. येथे १ एप्रिल २०१९ पासून एक योजना आहे: सेवा पूर्ण बंद पडून दोन कामाच्या दिवसांत सुरू झाली नाही, तर सहभागी कंपन्या मागणी न करताही दर दिवसाची भरपाई बिलात वळती करतात, तंत्रज्ञ ठरल्या वेळी आला नाही तरीही. मला ती दोनदा मिळाली आहे. त्यामुळे मी कंपनी निवडताना ती या योजनेत आहे का, एवढे सर्वांत आधी पाहिले.

ठाणे, पुन्हा मी

सर्वांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी जेवणानंतर चौथ्या आणि नवव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन वेग तपासला. तिघांपैकी एकाचा वेग साडेनऊला निम्म्यावर येत होता, त्याला वगळले. उरलेल्या दोघांत केबलवाल्याचे कार्यालय मागच्याच गल्लीत आहे, तार सांधायचे मशीन त्याचे स्वतःचे आहे आणि दोन्ही शेजाऱ्यांकडे तो बिघाडाच्या दुसऱ्या दिवशी आला होता, म्हणून त्याच्याकडून तीन महिन्यांची १०० एमबीपीएसची जोडणी घेतली. वाचलेल्या पैशांतून सुताराकडून दारापासून दिवाणखान्यापर्यंत पट्टीतून कॅट ६ केबल टाकून घेतली आणि गिगाबिट पोर्टचा राउटर मधोमध, कपाटाबाहेर, डोक्याच्या उंचीवर लावला.

काल जोडणी झाली. नाशिकच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे मीटरवरचा आकडा विचारला तेव्हा तंत्रज्ञाने आधी माझ्याकडे पाहिले, मग मीटर माझ्यासमोर धरला: −१९.६. तो तारखेसह वहीत लिहिला आहे. शेवटच्या खोलीत दार लावून ९१ एमबीपीएस मिळाले.