मॉंगूसचं अनेकवचन मॉंगीस का होत नाही?

इंग्रजीत गूसचं (बदकासारखा एक पक्षी) अनेकवचन गीस होतं, मग मॉंगूसचं मॉंगीस का नाही, असं वर विचारलंय. कारण मॉंगूसचा त्या पक्ष्याशी काडीचा संबंध नाही. तो आपला मुंगूस! सतराव्या शतकाच्या अखेरीस हा मराठी शब्द इंग्रजीत गेला. (मूळ बहुधा द्राविडी, तेलुगूत मुंगिस, कन्नडात मुंगुसि.) शेवटचा ‘गूस’ इंग्रज कानांना ओळखीचा वाटला, म्हणून स्पेलिंगही त्या पक्ष्याचंच चिकटलं, आणि घोळ तिथेच झाला.

गूस-गीस, फूट-फीट, टूथ-टीथ ही जोडी फार जुनी. अनेकवचनाच्या प्रत्ययात पूर्वी ‘इ’सारखा स्वर होता. त्याच्या ओढीने आधीचा स्वर बदलला, मग प्रत्यय गळला, बदललेला स्वर तेवढा उरला. इंग्रजीतली ही प्रक्रिया हजार वर्षांपूर्वीच थांबली. त्यानंतर आलेल्या शब्दांना ती लागू नाही. म्हणून मॉंगूसेस. मूस (हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) हा शब्दही असाच नंतर आलेला, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, त्याचं अनेकवचनही मूसच.

काही कोशांत मॉंगीस हे दुय्यम रूप सापडतं, पण लिहिताना टाळा. संपादक ते हमखास खोडतो.