कोल्ह्यांसाठी पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी? (जत, जि. सांगली)

माळावरचा_वाडा, जत

राम राम मंडळी. जत तालुक्याच्या पूर्वेला आमचा माडग्याळ मेंढ्यांचा कळप आहे, लहानमोठी धरून ४० नग. वाडा गावापासून लांब, उघड्या माळावर. पावसाळ्यापासून रात्री कोकरं उचलली जात आहेत. माणसं म्हणतात कोल्हा. भाचा टेक्सासला असतो. तिकडं कायोटी नावाचं कोल्ह्यासारखंच जनावर शेळ्या-मेंढ्यांवर पडतं आणि लोक त्याला सेमी-ऑटोमॅटिक रायफलनं (गोळी सुटली की पुढची आपोआप भरली जाते) मारतात. त्याचं म्हणणं, मामा, .२२३ मापाच्या काडतुसाची एआर-१५ रायफल बघा, धक्का कमी बसतो आणि दुसरी गोळी लगेच मारता येते.

इथं तशी रायफल मिळते का? परवाना कसा काढायचा? की साधी बारा बोअर बरी? आजवर बंदूक हातात धरलेली नाही, हे आधीच सांगतो. भाच्यालाही तिकडं पहिलीच रायफल घ्यायची आहे, त्याच्यासाठी काही सांगता आलं तर तेही सांगा.

कोर्टकचेरी_विटा

दादा, आधी कायदा बघा, मग बंदूक.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यात कोल्हा आणि लांडगा दोन्ही अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीला. अनुसूची १ मधलं जनावर मारलं तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही. बंदुकीचा परवाना असला तरी यात काडीचा फरक पडत नाही. परवाना हत्यार बाळगण्याचा असतो, शिकारीचा नव्हे. कलम ११(२) मध्ये सूट आहे ती स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना जनावर मेलं तर. मेंढरू वाचवताना मारलं, हा बचाव चालत नाही. आणि कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसती गोळी नव्हे. फासा, सापळा, विष, सगळं त्यात येतं. मेलेल्या मेंढीत थिमेट (विषारी कीटकनाशक) घालून ठेवण्याचा सल्ला गावात कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नका. गुन्हा तर आहेच, शिवाय त्यावर पहिल्यांदा तुमचंच कुत्रं मरतं.

आता हत्यार. सेमी-ऑटोमॅटिक रायफल शेतकऱ्याच्या साध्या परवान्यावर मिळत नाही. त्यात एआर-१५ ज्या ५.५६ वर्गात येते, तो आपल्याकडं लष्करी बोअर, म्हणजे लष्करी मापाची नळी. विनापरवाना मनाई असलेलं हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ७ ते १४ वर्षं. भाच्याला सांगा, सुटे भागसुद्धा बॅगेतून आणू नकोस.

शस्त्र कायद्याच्या कलम १३(३) मध्ये शेतकऱ्यासाठी सोय आहे: पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असं जिल्हाधिकाऱ्यांना पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक (तुमची बारा बोअर यातलीच), नळी २० इंचांपेक्षा आखूड नको. अर्ज नमुना ए-१ मध्ये, वय २१ पूर्ण, पोलिस अहवाल, वैद्यकीय दाखला, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि घरात बंद करून ठेवण्याची जागा. परवाना आता ५ वर्षांचा असतो. निवडणूक लागली की बहुतेक परवानाधारकांना बंदूक पोलिस ठाण्यात जमा करावी लागते, आणि निवडणुका तर काय, झेडपी, विधानसभा, चालूच असतात. पण एवढं सगळं करून कोल्ह्यावर ती झाडता येणार नाहीच. मग खर्च कशाला?

नेमबाज_मिरज

वकीलसाहेबांनी बरोबर सांगितलं. भाच्याच्या प्रश्नाचं मी सांगतो.

त्यानं पहिल्यांदा आपला व्हिसा बघावा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत बंदूक किंवा काडतूसही बाळगता येत नाही. चालू मुदतीचा शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद, आणि तो हातात आल्यावरच दुकानात पाय टाकायचा. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. राज्यागणिक नियम बदलतात: रात्रीची शिकार, दिवा लावून शिकार, मॅगझिनमध्ये किती गोळ्या. कोलोरॅडोत १५ पेक्षा मोठं मॅगझिन विकत घेता येत नाही.

कायोटी १० ते २० किलोचं जनावर. त्याला .२२३ भरपूर होते. नळी १६ ते २० इंच, आतला पीळ ८ किंवा ९ इंचांत एक फेरा, गोळी ५० ते ५५ ग्रेनची. नळीवर .२२३ लिहिलेलं असेल तर तीत ५.५६ चं काडतूस घालायचं नाही. दिसायला सारखं असलं तरी दाब वाढतो. उलट चालतं, ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ बिनधास्त. दुर्बीण ३-९×४० पुरे. २०० यार्डांवर झिरो केली (नेम तिथं जुळवला) तर १०० यार्डांवर गोळी साधारण दीड इंच वर लागते, तेवढं लक्षात ठेवायचं. नवशिके रायफलीवर पैसे उधळतात आणि दुर्बिणीचं माउंट स्वस्तातलं घेतात. मग स्क्रू ढिले होऊन गोळी इकडं-तिकडं जाते आणि दोष नळीला देतात. माउंटचे स्क्रू टॉर्क रेंचनं, कंपनीनं दिलेल्या मापानंच आवळायचे.

माझं मत विचाराल तर पहिली रायफल सेमी-ऑटोमॅटिक नकोच. बोल्ट ॲक्शन घे म्हणावं, तिच्यात प्रत्येक गोळीनंतर हातानं खिट्टी ओढावी लागते. दुसरी गोळी लगेच सुटते म्हणून पहिली निष्काळजीपणानं मारायची सवय लागते.

आणि तुमच्यासाठी एवढंच. ही गोळी नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या वर वेगानं निघते आणि चुकली तर दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. टेक्सासच्या रानात मागं टेकडी बघून मारतात. आपल्या माळावर मागं वस्ती असते, नाहीतर पाणी धरायला गेलेला माणूस.

माणदेशी_मेंढपाळ, म्हसवड

बंदुकीचा विषय वकिलांनी आणि मिरजकरांनी संपवला. आता खरा प्रश्न: कोकरू नेतंय कोण? तुम्ही कोल्हा म्हणताय ते ऐकीव दिसतं.

कोल्हा ८ ते ११ किलोचा. तान्हं कोकरू, करडू, कोंबडी एवढीच त्याची झेप. थोराड मेंढी त्याला पडत नाही. लांडगा दुप्पट वजनाचा, तो मोठं मेंढरू धरतो, बहुतेक गळ्याला, आणि ओढून नेऊन खातो. बिबट्याही गळा धरतो. पण पायाचा ठसा गोल असतो आणि त्यात नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांची नखं उमटतात. कोल्ह्याचा ठसा साधारण ५ सेंटीमीटर लांब, लांडग्याचा ९-१० च्या घरात. गावठी कुत्र्याचा यामध्ये कुठंही बसतो, म्हणून नुसत्या ठशावर जाऊ नका, जखमा बघा. भटकी कुत्री एकच मारून थांबत नाहीत. चार-पाच मेंढ्यांच्या मांड्या, शेपटी, कास फाडतात, खातात थोडं.

वाड्याभोवती चार बोटं जाडीची चाळलेली माती पसरा, पट्टा दोन हात रुंद. संध्याकाळी फांदीनं सारखी करा, सकाळी बघा. जतच्या मुरमाड जमिनीत एरवी ठसा उठायचा नाही.

वाडा कसला आहे? वाघर (दोरीची जाळी) की तारजाळी?

माळावरचा_वाडा, जत

वाघरच आहे, कमरेएवढी. खाली ठिकठिकाणी दगड ठेवलेत. कोकरं आईपाशीच असतात. माती अजून टाकली नाही, पण मागच्या खेपेला एक कोकरू गायब आणि दोन मेंढ्यांच्या मागच्या मांड्या फाटलेल्या, एकीची कास गेली. मेलेलं जनावर आम्ही ओढ्यात टाकतो, वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी) लावावी का?

माणदेशी_मेंढपाळ, म्हसवड

मांड्या आणि कास म्हणजे त्या दिवशी तरी कुत्रीच. कोकरू कोल्ह्यानं नेलं असेल, पण मोठं नुकसान कुत्र्यांचं. आणि दोघांनाही आवतण तुम्हीच देताय, ओढ्यातल्या मढ्यानं. मेलेलं जनावर ५-६ फूट खड्ड्यात, वर चुना, मग माती आणि दगड. व्यायल्यावर पडलेली वारसुद्धा पुरायची. वासावर येणारं जनावर आधी वार खातं, दुसऱ्या रात्री कोकरू शोधतं.

आता वाडा. सगळ्याला एकदम खर्च झेपत नसेल तर आधी कोकरांपुरतं करा. माडग्याळचं कोकरू तीनेक महिन्यांत कोल्ह्याच्या साधारण दुप्पट वजनाचं होतं, म्हणजे कोल्ह्याचा धोका पहिल्या महिना-दीड महिन्यात जास्त. १५ कोकरांना ६ बाय १० फुटांचा आतला पिंजरा पुरतो: वेल्डमेश २ इंची, वरूनही जाळी, खाली दगडी फरशी. पाजून झालं की रात्री आत. सकाळी आया सोडण्याआधी पुन्हा पाजायला काढा, नाहीतर कास तुंबते आणि दगडी होते.

पूर्ण वाड्याला: थोराड मेंढीला १२ चौरस फूट धरा, ४० ला ४८० चौरस फूट, म्हणजे २० बाय २४. भोवताली ८८ फूट. खांब जास्तीत जास्त ८ फुटांवर, चारी कोपरे धरून १२ लागतील, फाटकाला एक जादा. जाळी ६ फूट उंच, २ इंची चौकोन, १० गेज. दुकानदार १४ गेज गळ्यात मारतो, आकडा मोठा म्हणजे जाड असं वाटतं, पण उलटं आहे. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटर, १४ ची दोन. कुत्र्याच्या दातांना दोनची तार वाकते.

वाडा फसतो तो तळाशी. जाळीच्या खालच्या कडेला ताणाची तार नसली की दोन खांबांच्या मध्ये जाळी उचलली जाते आणि कुत्रं नाक घालून आत सरकतं. कोल्हा उकरतो. म्हणून खाली २ फूट रुंद जाळीचा पट्टा बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवा पसरा, उभ्या जाळीला दर वीतभर तारेनं बांधा, वर दगड. जनावर भिंतीलगत उकरतं, मागं सरून दोन फुटांवर उकरायचं त्याला सुचत नाही. मुरमात जाळी फूटभर गाडत बसण्यापेक्षा हे स्वस्त. फाटकाखाली दगडी उंबरा, फट ३ इंचांपेक्षा जास्त नको. बहुतेक वाडे जाळीत भक्कम असतात आणि फाटकातून लुटले जातात.

बिबट्याचा वावर असेल तर वरून छत हवंच, ६ फूट त्याला काहीच नाही. कऱ्हाड-पाटण-शिराळ्याकडच्या मंडळींनी हे वाचताना लक्षात घ्यावं.

सुतळी बॉम्ब वाजवू नका. जनावर दोन-चार दिवस बिचकतं, पण मेंढरं एका कोपऱ्यात ढिगानं चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

सोलर_मिस्त्री, कवठेमहांकाळ

झटक्याबद्दल. लावा, पण जाळीच्या बाहेरून दोन तारा: एक जमिनीपासून ८ इंचांवर, दुसरी १८ वर. कुत्रं-कोल्हा नाकानं हुंगत येतो, झटका नाकाला बसला पाहिजे. तार ३ फुटांवर लावली तर त्याच्या पाठीवरून जाते आणि केसांमुळं काही जाणवत नाही.

जतकडं मशीन "चालत नाही" म्हणून जी तक्रार असते ती दहांत नऊ वेळा अर्थिंगची. मशीनमधून गेलेला करंट जनावराच्या पायातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनला परत यायला हवा. कोरडा मुरूम तो येऊ देत नाही. ६ फुटी जीआय पाइप ३, एकमेकांपासून १० फुटांवर, खड्ड्यात कोळसा आणि मीठ, उन्हाळ्यात आठवड्याला घागरभर पाणी. तरीही मार कमी असेल तर वरची तार झटक्याची आणि खालून तिसरी तार अर्थची ओढा, जनावराचं अंग दोन्हींना लागलं की जमिनीची गरजच नाही. तारेखालचं गवत कापा. ओलं गवत टेकलं की सगळा मार तिथंच उतरतो. टेस्टरवर टोकाच्या खांबाजवळ ५ हजार व्होल्टच्या वर दिसलं पाहिजे.

मशीनचा झटका सेकंदाला एक आणि क्षणभराचा असतो, म्हणून जनावर सुटतं. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर आकडा टाकून तार सोडणं म्हणजे माणूस मारणं. वासरू सोडवायला गेलेला घरचाच माणूस चिकटतो, आणि मनुष्यवधाचा गुन्हा वेगळा.

कोर्टकचेरी_विटा

भरपाईचं राहिलं. लांडगा, बिबट्या, तरस, कोल्हा यांनी मेंढरू मारलं तर वनविभाग भरपाई देतो. ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपाल-वनक्षेत्रपालाला कळवायचं, १९२६ वर फोन केला तरी चालतो. पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही, फोटो काढून ठेवायचे. पशुवैद्यकाचा दाखला लागतो. कुत्र्यानं मारलं असेल तर वनविभागाकडून काही मिळत नाही, आणि जखमा बघून त्यांना ते कळतं. त्यासाठी कानात बिल्ला मारून विमा.

माणदेशी_मेंढपाळ, म्हसवड

त्या दोन फाटलेल्या मेंढ्यांचं विसरू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा, हातात मोजे घालून. चावणारं जनावर पिसाळलेलं होतं का, हे आपल्याला कळत नाही, म्हणून पशुवैद्यकाकडून रेबीजची लस ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी. दिवसाढवळ्या माणसाला न भिता अंगावर येणारा कोल्हा दिसला तर हाकलायलाही जवळ जाऊ नका.

कुत्रं पाळणार असाल तर कारवानी घेऊ नका, ते सशामागं पळणारं, राखणीचं नव्हे. धनगरी गावठी पिल्लू दीड-दोन महिन्यांचं असतानाच कोकरांत सोडा, मेंढरांत वाढू द्या, गळ्यात काटेरी पट्टा. पट्टा सहा महिन्यांनंतरच घाला आणि वाढेल तसा सैल करत जा, नाहीतर मान सोलते.