रविवार, बाकडी, नाताळ… खरंच सगळं कॉन्स्टंटाईनने आणलं?

प्रश्न:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, त्यात म्हणतात रविवारची उपासना, चर्चची इमारत, बाकडी, नाताळ हे सगळं रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहाने मूर्तिपूजकांकडून उचललं. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले शंका घेऊ नकोस. पण मला खरंच समजून घ्यायचंय, दोन दिवस डोक्यातून जातच नाहीये.

उत्तर:
रविवारचं साफ चूक आहे. जस्टिन मार्टर हा सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक इसवी सन 150 च्या सुमारास लिहितो की रविवारी आम्ही एका ठिकाणी जमतो, प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचतो, मग प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, वाटा पोचवतात. कॉन्स्टंटाईनचा कायदा 321 चा, आणि तो सुट्टीचा.

उत्तर:
इमारतीत मात्र थोडं तथ्य आहे बरं का. आधी घरातच जमायचे, सिरियात ड्युरा युरोपसला तिसऱ्या शतकातलं तसं घर सापडलंय, मधली भिंत पाडून मोठी खोली केलेली, दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड आणि वर भिंतीवर मेंढपाळाचं चित्र. कॉन्स्टंटाईनच्या काळात मोठी चर्चेस बांधली ती बॅसिलिकाच्या धर्तीवर, म्हणजे रोमन लोकांचं कोर्टकचेरीचं सभागृह. बाकडी तर त्याच्याही खूप नंतर, रिफॉर्मेशननंतर, म्हणजे सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट वेगळे झाले त्यानंतर, लांब प्रवचनं सुरू झाली तेव्हा सर्रास आली. आधी लोक उभेच असायचे, 325 साली निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेचा नियमच आहे की रविवारी गुडघे न टेकता उभं राहून प्रार्थना करा. माझ्या आजीच्या गावी अजून चपला बाहेर आणि सतरंजीवर बैठक, शहरात बाकावर बसली की म्हणायची शाळेत आल्यासारखं वाटतं.

उत्तर:
मी वसईचा, नाताळवर बोलतो. रोममध्ये 354 साली तयार झालेल्या एका पंचांगात 25 डिसेंबरला येशूचा जन्म दिलाय आणि त्याच पंचांगात दुसऱ्या पानावर त्याच तारखेला रोमनांच्या अजिंक्य सूर्यदेवाचा ‘नातालिस’, म्हणजे जन्मदिवस, पण आहे, आपला नाताळ शब्द पोर्तुगीजांमार्फत आला तो याच लॅटिन शब्दावरून. कोणी कोणाचं घेतलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही म्हणतात गर्भधारणा 25 मार्चला धरली आणि पुढे नऊ महिने मोजले. आर्मेनियन चर्च तर आजही 6 जानेवारीलाच जन्मोत्सव करतं.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. जस्टिनचा तो उतारा मराठीत कुठे मिळेल का? येत्या रविवारी तरुण संघात वाचून दाखवायचाय.